झोपेची चक्रे आणि झोपण्या-उठण्याची योग्य वेळ

"डॉक्टर, नेमके किती वाजता झोपले म्हणजे सकाळी ताजेतवाने वाटेल?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात बऱ्याचदा विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुधा एखादे झोपेचे कॅल्क्युलेटर असते. उठण्याची वेळ टाकली की ते ९०-९० मिनिटांचे तुकडे मोजून झोपण्याच्या दोन-तीन वेळा सांगते. झोप चक्रांमध्ये येते हे खरे आहे, पण त्यावरून मांडलेले हे गणित बऱ्याच वेळा चुकते. झोपेची चक्रे कशी चालतात, आपली वेळ कशी ठरवावी आणि रब्बीत रात्री पिकाला पाणी द्यावे लागते त्या घरांनी काय करावे, हे या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• झोपेचे एक चक्र सरासरी ९० मिनिटांचे असते. प्रत्यक्षात ते साधारण ७० ते १२० मिनिटांपर्यंत कमी-जास्त होते.
• चक्र मोजून झोपण्यापेक्षा उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे आणि पुरेशी झोप घेणे जास्त उपयोगाचे आहे.
• प्रौढांना रोज किमान ७ तास झोप लागते. गणित जुळवण्यासाठी झोप कमी करू नये.
• रात्री पाणी द्यावे लागत असेल तर घरात रात्रीची वाटणी करावी आणि प्रत्येकाने दर वेळी रात्रीचा तोच भाग घ्यावा.

झोपेचे चक्र म्हणजे काय?

आपण झोपतो तेव्हा मेंदू एकाच अवस्थेत राहत नाही. तो ठरावीक क्रमाने अवस्था बदलत जातो. या अवस्थांची एक फेरी म्हणजे झोपेचे एक चक्र.

१. डुलकीची अवस्था. जागेपण आणि झोप यांच्या सीमेवरची काही मिनिटे. कोणी हाक मारली तर लगेच जाग येते आणि "मी झोपलोच नव्हतो" असे माणूस म्हणतो.

२. हलकी झोप. हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराचे तापमान थोडे उतरते. रात्रीच्या एकूण झोपेपैकी जवळजवळ निम्मी झोप या अवस्थेत जाते.

३. गाढ झोप. मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात. शरीराची झीज भरून निघण्याचे बरेचसे काम या वेळी होते आणि वाढीचे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवते. या अवस्थेतून उठवले तर माणूस काही मिनिटे गोंधळलेला असतो.

४. स्वप्नझोप, म्हणजे रेम झोप. बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात, मेंदू जवळजवळ जागेपणाइतका काम करतो आणि हातापायांचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. ठळक स्वप्ने बहुतेक याच वेळी पडतात. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. झोप म्हणजे मेंदूची नुसती विश्रांती, ही समजूत त्यानंतर मागे पडली.

निरोगी प्रौढाच्या रात्रीत अशी चार ते सहा चक्रे होतात. दोन चक्रांच्या मध्ये क्षणभर जाग येणे, कूस बदलणे हे नैसर्गिक आहे. रात्री दोन-तीनदा जाग येऊन पुन्हा लगेच झोप लागत असेल तर काळजीचे कारण नाही.

सगळी चक्रे सारखी नसतात

कॅल्क्युलेटर प्रत्येक चक्र सारखे धरते. शरीर तसे वागत नाही. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात गाढ झोप जास्त असते. पहाटेकडे ती जवळजवळ संपते आणि स्वप्नझोपेचे तुकडे लांबत जातात. पहिल्या चक्रात स्वप्नझोप काही मिनिटांचीच असते. शेवटच्या चक्रात ती अर्ध्या तासापेक्षाही जास्त टिकू शकते.

म्हणून रोज दीड-दोन तास लवकर उठवले गेले तर एकूण झोप जितकी घटते, त्याहून मोठ्या प्रमाणात स्वप्नझोप घटते. शिकलेले पक्के होणे, भावना आटोक्यात राहणे यांत या झोपेचा वाटा आहे. परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत वाचून पहाटे चारचा गजर लावणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

९० मिनिटांचे गणित कुठे फसते?

समजा, तुम्हाला सकाळी ५:३० ला उठायचे आहे. कॅल्क्युलेटर सांगते की १० वाजता झोपा, म्हणजे पाच चक्रे होतील, किंवा ११:३० ला झोपा, म्हणजे चार चक्रे होतील. तुम्ही १०:२० ला आडवे झालात आणि डोळे मिटू लागले. "दहाची वेळ चुकली, आता साडेअकरापर्यंत थांबू" असे म्हणून मोबाइल हातात घेतला तर हाती आलेली ७० मिनिटांची झोप वाया गेली. हे नुकसान खरे असते. चक्राच्या शेवटी जाग येण्याचा फायदा मात्र केवळ अंदाजाचा असतो.

तो अंदाज का, ते पाहा. तुमचे सरासरी चक्र ९० ऐवजी १०० मिनिटांचे असेल तर पाच चक्रांना ७ तास ३० मिनिटांऐवजी ८ तास २० मिनिटे लागतील. ते ८० मिनिटांचे असेल तर ६ तास ४० मिनिटे पुरतील. म्हणजे माणसामाणसांतला नेहमीचा फरकच तासा-दीड तासाचा निघतो. शिवाय झोप लागायला आज पाच मिनिटे लागतील, उद्या तीस. वय, आजारपण, दारू, ताप, दिवसभराचे कष्ट यांनीही चक्रांची लांबी बदलते. मनगटावरचे घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अवस्थांचा अंदाज बांधते. एकूण झोपेचे तास सांगण्यापुरते ते बरे, पण तेवढ्यावरून उठण्याची वेळ ठरवू नये.

मग सकाळी डोके जड का होते? जाग आल्यानंतरच्या गुंगीला बहुतेक वेळा अपुरी झोप कारणीभूत असते. पुरेशी झोप झालेल्या माणसाच्या पहाटेच्या चक्रांत गाढ झोप फारशी उरलेलीच नसते. त्यामुळे गजर गाढ झोपेत वाजण्याची शक्यता कमी असते. झोपेची थकबाकी असलेल्या माणसाचा मेंदू मात्र पहाटेही गाढ झोपेत जाऊ शकतो आणि त्याला गजर जड जातो. त्याने चक्र मोजण्यापेक्षा अर्धा-एक तास आधी आडवे व्हावे. साधारण १५ ते ३० मिनिटांत उतरणारी थोडी गुंगी पुरेशी झोप झालेल्यांनाही येते आणि ती आजार नाही.

झोपेची वेळ शरीर कसे ठरवते?

यामागे दोन यंत्रणा एकत्र काम करतात. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया आहे.

पहिली यंत्रणा झोपेच्या दाबाची. जाग आल्यापासून मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितका वेळ जागे, तितका दाब जास्त. झोपेत तो उतरतो. चहा-कॉफीतले कॅफीन ॲडेनोसिनचे काम तात्पुरते अडवते. ते शरीरातून निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळी सहाच्या चहाचा परिणाम रात्री अकरालाही काही प्रमाणात शिल्लक असतो. संध्याकाळची तासाभराची झोपही हा दाब उतरवते आणि मग रात्री डोळा लागत नाही.

दुसरी यंत्रणा शरीराच्या घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, पेशींचा एक छोटा गट असतो. तो दिवसाचे चक्र चालवतो. पेशींमधले हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते ते उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांत हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित जास्त लांबीचे असते. म्हणून ते रोज जुळवावे लागते, आणि जुळवण्याचे मुख्य साधन म्हणजे सकाळचा उजेड. सकाळी उजेड मिळाला की रात्रीची झोप लवकर येते. रात्री उशिरा प्रखर उजेड मिळाला की घड्याळ मागे पडते आणि झोप लांबते.

दोन्ही यंत्रणा जुळतात तेव्हा झोप सहज लागते. झोप "लागवणे" आपल्या हातात नसते, उठणे मात्र बहुतांशी असते. म्हणूनच आधी उठण्याची वेळ पक्की करायची.

परभणीतला सूर्य आणि भिंतीवरचे घड्याळ

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे. परभणी साधारण ७६.८ अंशांवर आहे. त्यामुळे इथली सूर्याची वेळ घड्याळापेक्षा सरासरी २३ मिनिटे मागे असते. वर्षभरात सूर्योदयही बराच सरकतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. जानेवारीच्या मध्यावर तो सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो.

म्हणजे पाचला उठणाऱ्याला जूनमध्ये तासाभरात उजेड मिळतो, पण जानेवारीत जवळजवळ दोन तास अंधार किंवा संधिप्रकाश असतो. थंडीत पहाटे उठणे जड जाते याचे हेही एक कारण आहे. हिवाळ्यात उठण्याची वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकवली तर त्यात काही गैर नाही. संपूर्ण हंगाम तीच वेळ पाळावी म्हणजे झाले.

ब्राह्ममुहूर्ताबद्दलही विचारले जाते. पारंपरिक गणनेत एक मुहूर्त ४८ मिनिटांचा असतो. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटे आधी संपतो. म्हणजे परभणीत तो जूनमध्ये साधारण ४:१० ला, तर जानेवारीच्या मध्यावर ५:२५ च्या सुमारास सुरू होतो. या वेळी उठायला वैद्यकीय हरकत नाही, पण आधीच्या रात्रीचा हिशेब जुळला पाहिजे. ४:१५ ला उठायचे तर नऊच्या आत झोप लागलेली असावी. जुन्या घरांत दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात जेवणे उरकत आणि निजानीज होई, म्हणून ती पहाट झेपत असे. रात्री साडेअकरापर्यंत मालिका पाहून चारला उठणाऱ्याच्या पदरात जेमतेम साडेचार तास पडतात.

आपली वेळ कशी ठरवावी?

पायरी १: गरज ओळखा. प्रौढांना किमान ७ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १०, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास लागतात. म्हाताऱ्या माणसांची झोप हलकी आणि तुकड्यांत होते, पण त्यांनाही ७ ते ८ तासांची गरज असते.

पायरी २: उठण्याची वेळ पक्की करा. आठवड्यातल्या सर्वांत लवकरच्या कामाला जी वेळ लागते ती धरा. सुट्टीच्या दिवशीही त्यापेक्षा तासाभराहून जास्त लोळू नका. रविवारी दहापर्यंत झोपले की सोमवारी पहाटे शरीराला परगावच्या वेळेतून परत आल्यासारखे होते.

पायरी ३: तिथून मागे मोजा. गरजेच्या तासांत झोप लागण्यासाठी १५-२० मिनिटे मिळवा. सकाळी ५:३० ला उठायचे आणि साडेसात तास हवेत, तर पावणेदहाच्या सुमारास अंथरुणावर असावे. त्याआधीच डोळे मिटू लागले तर खुशाल झोपा.

पायरी ४: हळूहळू सरका. सध्या बाराला झोपत असाल तर एकदम दहाला आडवे होऊन उपयोग नाही, तळमळच होईल. आधी उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ ते ३० मिनिटे अलीकडे आणा. उठल्यावर अर्धा तास अंगणात, गच्चीवर किंवा रस्त्यावर उजेडात घालवा. झोपण्याची वेळ त्यामागून सरकेल.

पायरी ५: दोन आठवड्यांनी तपासा. गजराच्या आसपास आपोआप जाग येते का, दुपारी काम करताना डुलकी येत नाही ना, चिडचिड कमी झाली का, हे पाहा. तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर तुमची वेळ बरोबर आहे. गजर तीन-तीनदा पुढे ढकलावा लागत असेल तर झोप कमी पडते आहे. त्या वेळी झोपण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्या.

दुपारची वामकुक्षी २० ते ३० मिनिटांची आणि तीनच्या आत असावी. शेवटचा चहा दुपारी चारपर्यंत घ्यावा. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी व्हावे. दारूने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती तुटते.

रात्रीची लाइट आणि रब्बीचे पाणी

आतापर्यंतचा सल्ला ज्याची रात्र त्याच्या हातात आहे त्याला लागू पडतो. आपल्या जिल्ह्यात अनेकांची तशी नसते. कृषिपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. गहू, हरभरा, ऊस किंवा हळदीला पाणी द्यायचे तर थंडीच्या रात्री शेतावर जावेच लागते. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्यांच्या फीडरला किंवा पंपाला सौर वीज मिळाली त्यांची रात्र मोकळी झाली. बाकीच्यांसाठी ही एक प्रकारची फिरती रातपाळी आहे. कारखान्यातल्या रातपाळीबद्दल जे कळले आहे ते इथेही लागू होते.

अडचण दुहेरी आहे. एक म्हणजे झोपेचे तास कमी होतात. दुसरे म्हणजे पाळी बदलत राहिल्याने शरीराच्या घड्याळाला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. वर्षानुवर्षांच्या रातपाळीचा रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी संबंध दिसून आला आहे. पण त्याच रात्रीचा धोका जास्त तातडीचा असतो. पहाटे तीन ते पाच ही शरीराचे तापमान आणि सावधपणा सर्वांत कमी असण्याची वेळ. नेमक्या त्याच वेळी माणूस ओल्या मातीत उभा राहून स्टार्टरला हात लावतो, अंधारात बांधावरून चालतो किंवा मोटारसायकलवर घरी निघतो.

घरात दोन कर्ती माणसे असतील तर पुढील व्यवस्था करून पाहावी.

रात्र दोन भागांत वाटा. एकाने रात्री दोनपर्यंत दारे धरायची, दुसऱ्याने दोनपासून सकाळपर्यंत. आणि प्रत्येकाने दर वेळी तोच भाग घ्यायचा. ज्याला रात्री उशिरापर्यंत जागणे जमते, बहुधा घरातला तरुण, त्याने पहिला भाग घ्यावा. ज्याला पहाटे आपोआप जाग येते, बहुधा पन्नाशीच्या पुढचा, त्याने दुसरा.

तोच भाग घेण्याचे कारण असे. दुसऱ्या भागाचा माणूस पाण्याच्या रात्री नऊ ते दीड झोपेल आणि एरवी नऊ ते साडेचार. दोन्ही वेळा नऊ ते दीड हे साडेचार तास समान राहतात. पहिल्या भागाचा माणूस पाण्याच्या रात्री अडीच ते साडेआठ झोपेल आणि एरवी साडेदहा ते सहा. त्याचे अडीच ते सहा हे साडेतीन तास समान राहतात. रोज ठरलेल्या वेळी मिळालेली साधारण चार तासांची झोप शरीराचे घड्याळ बऱ्यापैकी जागेवर धरून ठेवते, हे अभ्यासांत दिसले आहे. उरलेली भर दुपारच्या झोपेने घालता येते. आज एकाने पूर्ण रात्र आणि उद्या दुसऱ्याने, अशी वाटणी केली तर दोघांचेही घड्याळ विस्कटते.

पहिल्या भागाच्या माणसाला सकाळी सहाला उठवू नका. तो अडीचला झोपलेला असतो. "सूर्य डोक्यावर आला तरी लोळतोय" हे वाक्य अशा घरांत ऐकू येते आणि त्याच माणसाला दुपारी फवारणीला किंवा बाजाराला पाठवले जाते. त्याची झोप हाही शेतीच्या कामाचाच भाग समजावा. खोलीत अंधार करावा, मोबाइल दुसऱ्याकडे द्यावा, मुलांना तासभर बाहेर खेळू द्यावे.

घरात एकच कर्ता माणूस असेल तर पाण्याच्या दिवशी दुपारी दीड ते दोन तास झोप घ्यावी. परत आल्यावर सकाळी चार-पाच तासांची मुख्य झोप घ्यावी. शेतावर चहा घ्यायचा तर मध्यरात्रीपर्यंतच. पहाटेचा चहा सकाळची झोप मोडतो. सकाळी घरी येताना टोपी किंवा रुमाल पुढे ओढून घेतला तर डोळ्यांवर उजेड कमी पडतो आणि झोप लवकर लागते.

सगळ्यांनी पाळायच्या गोष्टी अशा. ठिबक किंवा तुषार असेल आणि जोडणी सुरक्षित असेल तर रात्रभर उभे राहण्याची गरज कमी होते. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये. बॅटरी आणि गमबूट घेतल्याशिवाय शेतात उतरू नये. साप चावला तर मंत्र-औषधात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. डोळे मिटत असताना मोटारसायकल चालवू नये. निघण्याआधी २० मिनिटांची डुलकी काढावी आणि पूर्ण जाग आल्यावर, पाचदहा मिनिटांनी निघावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी रात्रीच्या पाळीच्या दिवसांत जेवण आणि औषधाच्या वेळा कशा ठेवाव्यात हे डॉक्टरांना आधीच विचारावे. रात्री कष्ट झाले आणि जेवण चुकले तर साखर एकदम उतरू शकते. खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. फिटस् येणाऱ्या व्यक्तीने रात्रीची पाळी घेऊ नये. झोपमोड झाली की फिट येण्याची शक्यता वाढते, आणि पाण्याजवळ ती जिवावर बेतू शकते.

मुले, विद्यार्थी आणि शाळेची वेळ

वयात येताना शरीराचे घड्याळ दीड-दोन तासांपर्यंत मागे सरकू शकते. पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप न येणे हा केवळ हट्ट नसतो. मोबाइल त्यात भर घालतो, म्हणून तो रात्री साडेनऊनंतर दुसऱ्या खोलीत ठेवावा. लहान मुलांची अपुरी झोप लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. पण शाळा नऊला भरते म्हणून मूल रात्री अकराला झोपू लागले तर मिळालेला वेळ पुन्हा निघून जातो.

अभ्यासिकेत रात्र काढणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी परीक्षेआधी किमान दोन आठवडे उठण्याची वेळ परीक्षेच्या दिवसाप्रमाणे करावी. दहाचा पेपर असेल तर त्या वेळी मेंदू पूर्ण जागा असायला हवा. त्यासाठी सहा-साडेसहाला उठण्याची सवय लागते.

उन्हाळ्यात काय करावे?

झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. एप्रिल-मे महिन्यात परभणीत पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि स्लॅबचे घर मध्यरात्रीपर्यंत तापलेले राहते. झोपण्याच्या तासभर आधी कोमट किंवा साध्या पाण्याने अंघोळ करावी. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारावे. शक्य असेल तर गच्चीवर किंवा अंगणात खाटेवर मच्छरदाणी लावून झोपावे. रात्री उशिरा झोप लागत असली तरी उठण्याची वेळ तीच ठेवावी आणि कमी पडलेली झोप दुपारच्या अर्ध्या तासाने भरून काढावी.

नेहमीचे प्रश्न

पाच तास झोपूनही मला चालते, ते ठीक आहे ना?
खरोखर कमी झोप पुरणारी माणसे फार थोडी असतात. कमी झोपेची सवय झाली की थकवा जाणवणे कमी होते, पण लक्ष आणि प्रतिक्रिया मंदावलेलीच राहते. सुट्टीत गजराशिवाय किती झोपता ते पाहा. दोन-तीन तास जास्त झोपत असाल तर पाच तास पुरत नाहीत.

रात्री जाग आली आणि झोप लागेना, तर?
घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटे तळमळ झाली असे वाटले तर उठून मंद उजेडात शांत बसा. पेंग आली की परत आडवे व्हा. सकाळी मात्र ठरलेल्या वेळीच उठा.

झोपेची गोळी घ्यावी का?
स्वतःच्या मनाने नको. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊन हाड मोडू शकते आणि दारूबरोबर त्या घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. बरेच दिवस चालू असलेली गोळीही एकदम बंद करू नये. जुनाट निद्रानाशावर वागणूक आणि सवयी बदलण्याचे उपचार आधी करतात.

डॉक्टरांना कधी भेटावे?

• जोराने घोरणे, झोपेत श्वास थांबणे किंवा गुदमरून उठणे. सोबत झोपणाऱ्याने पाहिले असेल तर त्यालाही घेऊन या.
• पुरेसे तास झोपूनही दिवसा बसल्या जागी किंवा गाडी चालवताना झोप येणे.
• आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे आणि हे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालणे. दिवसाचे काम बिघडत असेल तर एवढे थांबू नका.
• रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागणे. साखर आणि प्रोस्टेट तपासावे लागते.
• आडवे झाले की पायांत वळवळ होऊन पाय हलवत राहावेसे वाटणे. कधी कधी लोहाची कमतरता असते, विशेषतः स्त्रियांमध्ये.
• पहाटे लवकर जाग येऊन मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे वाटणे. अशा वेळी थांबू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो.

दवाखान्यात येण्याआधी दोन आठवडे एका वहीत रोज झोपण्याची आणि उठण्याची वेळ, रात्रीच्या पाण्याचे दिवस, चहा, दारू आणि चालू औषधे लिहून आणा. झोपेच्या तक्रारीत निम्मे निदान या वहीतूनच होते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. चालू उपचारांत बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.